येलच्या किनाऱ्यावरची शपथ

वन्सं, इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर पानभर लिहून द्या, असा मला निरोप आला आहे. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांच्या मदतीला धावणारी, असं काहीतरी त्यांना हवं आहे. तू मनमिळाऊ मुळीच नव्हतीस. मंडळाच्या गणपतीला तू सत्तावीस वर्षांत दोनदा आलीस. दुसऱ्यांदा आलीस ती आरती अर्धी टाकून बाहेर गेलीस आणि कारपार्कमधल्या झाडावरचा कुठला तरी पक्षी बघत उभी राहिलीस. मी प्रसादाला बोलवायला आले, तर मलाच तोंडावर बोट ठेवून गप्प केलंस. अशा बाईवर लिहायचं तर खरं लिहावं, नाहीतर जमणार नाही म्हणून कळवावं.

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. त्यातले बारा दिवस क्रिमेटोरियमची तारीख मिळण्यात गेले. तेवढे दिवस मी आणि अभय तुझ्या एडिनबराच्या फ्लॅटमध्ये राहिलो, तुझ्या फ्रीजमधलं संपवलं, तुझ्या टॉवेलांनी अंग पुसलं. अभय, तुझा दादा, कमी बोलणारा, हे तुला माहीत आहे. पण या दिवसांत त्याने एकच प्रश्न शंभरदा विचारला. ऑक्टोबर उजाडेपर्यंत ती डॉक्टरकडे गेलीच कशी नाही? स्वतः फिजिओथेरपिस्ट असून? कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? तुझ्या शेजारणीला विचारलं, तुझ्या वॉर्डातल्या मैत्रिणींना फोन करून विचारलं. मला विचारलं नाही. मला माहीत असतं तर मी त्याला सांगितलंच असतं, याबद्दल त्याच्या मनात शंकाच नाही.

मला माहीत होतं, वृंदा. जूनपासून.

आता हे कुणापाशी बोलू? तुझ्यापाशीच बोलते.

लग्न होऊन मी पुण्याहून इकडे परदेशात, पिनरला आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं की नणंदेला वन्सं म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. तू तेव्हा बावीस वर्षांची, कानात चार बाळ्या, पायात चिखलाचे बूट. मी वन्सं म्हटलं की तू मागे वळून दुसरं कोण आलंय ते बघायचीस. अहोजाहो आठवड्यात गळून पडलं, वन्सं राहिलं, तुला चिडवायला. खरं तर माहेरपण करायचं ते भावजयीने नणंदेचं. आपल्याकडे उलटं झालं. माझे आई-बाबा वर्षाच्या अंतराने गेले आणि पुण्यात जायला दार उरलं नाही, त्या उन्हाळ्यात तू तिकिटं काढून मोकळी झालीस. दरवर्षी एक आठवडा, मी आणि तू, पाठीवर बिऱ्हाड आणि कुठली तरी बेटं. दादाला न्यायचं नाही, त्याला ओले मोजे चालत नाहीत. त्या एका आठवड्यात मी कुणाची आई नव्हते, कुणाची बायको नव्हते. तुझी वहिनी मात्र होते, आणि तो मान तू मला पुरेपूर शिव्या देऊन दिलास.

गेल्या जूनमध्ये शेटलंड, पार उत्तरेची बेटं. मला आठवड्यातला तो एकच दिवस पुन्हापुन्हा आठवतो, ज्या दिवशी आपण फेटलर बेटाहून उन्स्ट बेटावर गेलो आणि तिथून येल बेटामार्गे लर्विक गावी परतलो. सकाळी तू मला तळ्याकाठी पोटावर झोपवलंस. पाण्यात चिमणीपेक्षा जरा मोठा एक पक्षी स्वतःभोवती गरगरत होता. फॅलारोप. यांच्यात मादी दिसायला देखणी असते, ती अंडी घालून निघून जाते आणि नर उबवत बसतो, हे तू इतक्या समाधानाने सांगितलंस की मला हसू आलं. "दादाला फोटो पाठव," म्हणालीस. तिथे सिग्नल नव्हता.

मग धुकं उतरलं. फेरीबोट सव्वा तास उशिरा सुटली आणि उन्स्टला पोचलो तेव्हा बस निघून गेली होती. आपण रस्त्याला लागलो. तू पुढे, मी मागे. माझ्या सॅकमध्ये थालीपिठाची भाजणी, लसणाची चटणी, मेतकूट, छोटा तवा आणि उलथनं. तू ती हातात घेऊन पाहिलीस आणि तुझ्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणालीस, "वहिनी, तुझा पिशवी किती जड आहे. आपण ट्रेकिंगला आलोय, कॅटरिंगला नाही." तरी रोज संध्याकाळी तीन थालीपिठं खायचीस.

आणि मी मागून चालताना बघत होते की तू सॅक एकाच खांद्यावर अडकवली आहेस. डाव्या खांद्याचा पट्टा लोंबतोय, छातीवरचा बंद उघडाच आहे. दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करणारी बाई, आणि स्वतः अशी वाकडी चाललेली. मी तुला तीनदा टोकलं. तिसऱ्यांदा तू माझ्यावर खेकसलीस. मला वाईट वाटलं आणि मी अर्धा मैल बोलले नाही. तो अर्धा मैल मला आता परत हवा आहे.

एका बाईंनी व्हॅन थांबवली. सत्तरीच्या असतील. मागे दोन कोकरं होती, एकाचा पाय बांधलेला. त्यांनी विचारलं, तुम्ही सख्ख्या बहिणी का. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू हो म्हणून मोकळी झालीस. बाईंनी आरशातून आपल्या दोघींकडे पाहिलं आणि सांगितलं की हनुवटी अगदी सारखी आहे. तू रस्ताभर हनुवटी पुढे काढून बसलीस.

हर्मनेसच्या माळावर बाँक्सी आल्या. घारीपेक्षा थोराड, तपकिरी, घरट्याच्या वाटेला कुणी गेलं की थेट डोक्यावर झेपावणाऱ्या. डोक्यावर काठी उंच धरायची म्हणजे त्या काठीच्या टोकावर नेम धरतात, असं तू सांगितलंस. काठी तुझ्याकडे एकच होती. मी उलथनं काढलं. तो माळ, तो वारा, आणि पुण्याची एक चोपन्न वर्षांची बाई उलथनं उंच धरून भराभर चालतेय. तू हसता हसता खाली बसलीस, डोळ्यांतून पाणी, आणि मग एकदम डावा हात काखेत दाबून गप्प झालीस. मला वाटलं, हसून उसण भरली. विचारलं तर "काही नाही" म्हणालीस. नंतर म्हणालीस की काही वर्षांपूर्वी इथे याच्या कितीतरी पट बाँक्सी होत्या, बर्ड फ्लूने माळावर मरून पडल्या होत्या. आपल्याला टोचायला येतायत हे चांगलं लक्षण आहे म्हणालीस.

कड्यावर पोचलो. पफिन आपल्यापासून चार हातांवर उभे होते, चोचीत मासे आडवे धरून. खालून गॅनेट पक्ष्यांचा गलका आणि घाण वास. तू दुर्बीण लावलीच नाहीस. नुसती गवतात बसून राहिलीस, समुद्राकडे तोंड करून, आणि मी चटणी लावून दिलेला ब्रेड हातात तसाच धरून. पुढे आता जमीन नाही, असं काहीतरी म्हणालीस. मी म्हटलं, चल, परतीची बस पण चुकेल. नेहमी घाई मलाच असायची.

परतीच्या फेरीबोटीत तू सांगितलंस. उन्स्टहून येलला दहा मिनिटांचं अंतर. खालच्या छोट्या खोलीत आपण दोघीच होतो, इंजिनाने बाक थरथरत होता. तू माझा हात धरून स्वतःच्या काखेत नेलास, जाकिटाच्या आतून. मला कळेना हे काय चाललंय. मग बोटांना लागली. सुपारीएवढी, घट्ट.

"गाठ आला आहे, वहिनी," तू म्हणालीस. "एप्रिलपासून. ब्रेस्टमध्ये पण एक आहे. मला माहितेय ते काय आहे, सो प्लीज लेक्चर नको."

मी लेक्चर दिलं. दहा मिनिटं दिलं, बोट किनाऱ्याला लागली तरी देत होते, बसमध्ये चढतानाही देत होते. सासूबाईंचं नाव काढलं, तेवढं काढायला नको होतं. त्यांचं दोन वर्षांचं आजारपण तू एकटीने काढलं होतंस. केमोच्या दिवशी बादली धरून तू बसायचीस, दादा ऑफिसात आणि मी धाकट्याला घेऊन घरी. तू म्हणालीस, त्या दोन वर्षांत आई जगली नाही, तिला नुसतं ठेवलं होतं. मी म्हटलं, आता औषधं बदलली आहेत. तू म्हणालीस, मी हॉस्पिटलमध्ये काम करते, तू नाही. मग मी फोन काढला. अभयला आत्ता सांगते म्हटलं. फोनवर सिग्नलची एकही रेघ नव्हती. तरी मी तो हातात धरून बसले, येलचा सगळा माळ खिडकीतून मागे जाईपर्यंत, कुठे तरी रेघ येईल म्हणून.

तेवढ्यात ड्रायव्हरने बस थांबवली. थांबा नव्हता काही. तो जागेवरून उठून मागे वळला आणि जणू रस्त्यात मेंढी आडवी आली आहे अशा सुरात म्हणाला की खाडीत ओर्का देवमासे आहेत, पाच मिनिटं थांबतो, ज्यांना बघायचं त्यांनी उतरा. बसमध्ये सहाजण होते, सगळे उतरले. शाळेतल्या बाई होत्या, त्या वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून उतरल्या. पाठीवरचे काळे उंच पर पाण्याबाहेर आले, गेले, पुन्हा आले. पाच होते. एक पिल्लू, आईला चिकटून. किनाऱ्यापासून इतके जवळ की त्यांचा श्वास सुटलेला ऐकू येत होता. तू वीस वर्षं ओर्का शोधत होतीस. जायचीस तिथे ते आदल्या दिवसापर्यंत असायचे किंवा तू निघाल्यावर यायचे. आणि आज आले ते असे.

तू त्यांच्याकडे बघतच माझ्याकडे हात केलास. माझी बोटं घेऊन स्वतःच्या गळ्याशी नेलीस, कातडी चिमटीत धरायला लावलीस.

"दादाला सांगायचं नाही. माझा शपथ आहे तुला," म्हणालीस. "मला हा समर पाहिजे, वहिनी. फक्त हा उन्हाळा. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः जाते."

ती गळ्याची शपथ तू लहानपणी साताऱ्याच्या सुट्टीत चुलत भावंडांकडून शिकलीस. शपथ मोडली की जिची शपथ ती मरते, हे त्यांनी तुला सांगितलं आणि तू ते ड्रायव्हिंगच्या हायवे कोडसारखं पाठ केलंस. मी पुण्यात वाढले. माझ्या वर्गातली प्रत्येक मुलगी दिवसातून दहा वेळा शपथ घालायची आणि मोडायची. मी नाही मोडत. नऊ वर्षांची असताना आईची शपथ मोडली होती, गणिताचे मार्क लपवायचे म्हणून, आणि आठवड्यात आईला टायफॉइडने ससूनमध्ये ठेवलं. तिला तो पाण्यातून झाला हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. कळून काय उपयोग. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, चूक दिसली की लिहून वर कळवायची यासाठी मला पगार मिळतो. घरी देवापुढे दिवा लावते तोही सवयीने. पण तुझा गळा माझ्या बोटांत होता, आत नाडी लागत होती, आणि मी हो म्हटलं.

तुला हे माहीत होतं का गं? की दुसरं काहीही म्हणाली असतीस तर मी ऐकलं नसतं? टायफॉइडची गोष्ट मीच तुला सांगितली होती, स्काय बेटावरच्या तंबूत, पाऊस थांबेना म्हणून. मी ती हसण्यावारी नेली होती. तू हसली नव्हतीस, हे आता आठवतंय.

लर्विकला शिरताना फोनला रेघा आल्या. लगेच अभयचा फोन. कशा आहात, जेवलात का, पाऊस आहे का. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, बसच्या खिडकीला कपाळ टेकून होतीस. मी म्हटलं, "छान आहोत. ओर्का दिसले." तो खूश झाला. "वृंदाला दिसले एकदाचे," म्हणाला.

पुढचे महिने मी तुला काय काय लिहिलं ते माझ्या फोनमध्ये आहे. दाखवलंस का. अपॉइंटमेंट घेतलीस का. निदान नेहमीच्या डॉक्टरला फोन तरी कर. जुलैत तू सेंट किल्डाच्या बेटांवर गेलीस, तिथून मला शेपूट उभी केलेल्या एका रेन पक्ष्याचा फोटो आला. ऑगस्टमध्ये मी लिहिलं, शपथ सुटली म्हण, मला झोप लागत नाही. तू लिहिलंस, सीझन संपू दे, मग सुटली म्हणते. मी चिडले. दोन आठवडे तुला फोन केला नाही. त्या दोन आठवड्यांत तू एकटीच आयला बेटावर गेलीस. अभयने विचारलं, वृंदाशी काही वाजलंय का तुझं. मी म्हटलं, नाही. त्याच्या ताटात वरण वाढलं.

ऑक्टोबरमध्ये तू खरंच गेलीस. शब्दाची पक्की. तोवर यकृतात होतं. डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की हा प्रकार फार वेगाने वाढणारा, तू जूनमध्ये आली असतीस तरी फरक पडला असताच असं नाही. असताच असं नाही. हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलंय आणि ते मला पुरत नाही. जानेवारीत, तुझ्या पलंगाशी बसून, मी तुला शेवटचं विचारलं. दादाला सांगू का आता जूनचं? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आता कशाला. दादा आधीच दुःखी आहे, त्याचं दुःख अजून वाढवशील." नंतर म्हणालीस की तुझा तो समर फार चांगला गेला. ते मला ऐकवण्यासाठी म्हणालीस की खरंच, हे मला कळलं नाही. सुटली मात्र म्हणाली नाहीस.

वृंदा, माझा तुझ्यावर राग आहे. तू मला माहेर दिलंस आणि त्याच हाताने हे दिलंस. तुझा उन्हाळा तुझा होता, तो मागायचा तुला हक्क होता, हे मी रोज सकाळी स्वतःला समजावते. पण दादाचाही एक उन्हाळा होता. त्याला तो बहिणीबरोबर घालवता आला असता, ओल्या मोज्यांसकट. तो मी त्याला मिळू दिला नाही. त्या उन्हाळ्यात त्याने बागेतलं कुंपण रंगवलं.

इथवर लिहून मी परवा थांबले होते. काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर अभय भांडी विसळत होता आणि पुन्हा तेच म्हणाला, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही. मी त्याला सांगितलं. फेरीबोट, गाठ, येलचा किनारा, शपथ, सगळं. त्याने नळ बंद केला. पाठमोराच उभा राहिला.

"जूनमध्ये?" म्हणाला.

मी हो म्हटलं. त्याने ओल्या हाताने बोटं मोजली. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

"लर्विकहून फोनवर बोललीस तेव्हा?"

मी पुन्हा हो म्हटलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो इतकंच म्हणाला, "मी तिला उचलून नेलं असतं गं." मग हात पुसून वर गेला आणि छोट्या खोलीत झोपला. आज सकाळी खाली आले तर ओट्यावर एकच कप धुऊन पालथा घातलेला. सत्तावीस वर्षांत त्याने कधी एकट्यापुरता चहा केला नव्हता. तो माझ्याशी बोलेल की नाही, कधी बोलेल, मला माहीत नाही. मंडळाला मी जमणार नाही म्हणून कळवलंय.

तुला एवढंच सांगायचं होतं की काल मी तुझी शपथ मोडली. काही झालं नाही. जूनमध्ये मोडली असती, तरी त्या शपथेने तुला काही झालं नसतं.